शेळीसह नमुना

बांबू येऊन अंगणात पडला होता आणि कामाचा अजून पत्ता नव्हता.

एरवी असं होत नसे. या दिवसांत लागवडीच्या ऑफिसातून निरोप यायचा, नव्या रोपांना पिंजरे हवेत, आणि मग घरात कोणाला मान वर करायला फुरसत नसायची. टोपल्या, कोंबड्यांची डाली ही आपली वरकड कमाई. वर्षभराचं पोट चालायचं ते रोपांच्या या पिंजऱ्यांवर. निरोप आला नाही म्हणून हात बांधून बसता येत नव्हतं, कारण ओला बांबू कोणासाठी थांबत नाही. वाळला की कोयत्याखाली फाटतो, वळवायला गेलं की मोडतो.

"चिरून घेऊ," नवरा म्हणाला. "निविदा येईल तेव्हा येईल."

तो कोयता मारून बांबूचे उभे तुकडे करत होता आणि सूनबाई उकिडवी बसून त्यांच्या कामट्या तासत होती. बोटात कुसळ शिरलं की ती दाताने ओढून थुंकायची आणि पुन्हा कामाला लागायची. गावभर तिला सूनबाईच म्हणत. आता तिच्याच केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, पण नाव काही बदलत नव्हतं.

ओसरीतल्या खाटेवरून सासरा दोघांकडे टक लावून बघत होता. थंडीत एका सकाळी तो उठला तो अर्ध्या अंगाने. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. राहिला तो एकच शब्द. पिंजरा विणायला दोन माणसं समोरासमोर बसतात. एक कामटी आतून सारतो, दुसरा बाहेरून ताणून घट्ट करतो. म्हातारा जन्मभर समोरच्याला सांगत आला होता, "ओढ." तेवढंच त्याच्या जिभेवर शिल्लक राहिलं. पाणी हवं असलं तरी ओढ, माशी बसली तरी ओढ.

"काय म्हणतात?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही पेरावर वाकडा घाव घातलात, ते म्हणतात," सूनबाई म्हणाली. तिला ते बरोबर कळायचं.

निरोपाची वाट बघून बघून शेवटी दोघं स्वतःच ऑफिसात निघाले. नवऱ्याच्या डोक्यावर नमुन्याचा पिंजरा आणि सूनबाईच्या हातात शेळीची दोरी.

ही शेळी न्यायची रीत म्हाताऱ्यानेच पाडलेली. कधीकाळी एका साहेबाने पिंजऱ्याला पाय लावून विचारलं होतं, हा टिकेल कशावरून? म्हातारा तसाच उठून घरी गेला आणि शेळी घेऊन आला. पिंजऱ्यात एक हिरवी फांदी रोवली, शेजारी शेळी बांधली आणि म्हणाला, तुमचा चहा होऊ द्या. शेळीने गोल गोल फेऱ्या मारल्या, शिंगं लावली, मागच्या पायांवर उभी राहिली, जीभ वळवून बघितली. चहा संपला तरी फांदीचं पान हललं नाही. तेव्हापासून दरवर्षी तोच प्रकार. कारकून ऑफिसच्या पटांगणात यायचा, चांगलं ठाऊक असूनही मोठ्याने ओरडायचा, "कोणाचा पिंजरा हा?" आणि म्हातारा छातीवर हात ठेवून आपलं, बापाचं आणि घराण्याचं नाव असं ठणकावून सांगायचा की खिडक्या उघडायच्या. मग कारकून म्हणायचा, "मंजूर."

तोच कारकून आज दारात आडवा आला.

"शेळी बाहेर. आधी शेळी बाहेर न्या. फरशी नवी आहे."

"नमुना आणलाय," नवरा म्हणाला.

"नमुना आणायचा नाही आता. सगळं ऑनलाइन झालंय. निविदा निघूनसुद्धा आठवडा झाला."

"निघाली? आणि आम्हाला सांगितलं नाही?"

"सांगायचं नसतं. वेबसाइटवर असतं. ज्याला हवं त्याने बघायचं."

"अहो साहेब, आमच्या दारावरून तुम्ही रोज जाता," सूनबाई म्हणाली.

कारकुनाने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "जातो. पण एकाला सांगितलं तर पक्षपात होतो. माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही, बाई. मीसुद्धा सकाळपासून माझाच पासवर्ड आठवतोय."

तेवढ्यात शेळीने नव्या फरशीवर लेंड्या टाकल्या. शिपाई ओरडला, खुर्च्यांवरची माणसं हसली. झाडू मागितला तर कोणी देईना. सूनबाईने खाली बसून एक एक लेंडी वेचली आणि पदरात बांधली. नवरा डोक्यावर पिंजरा घेऊन नुसता उभा. खाली ठेवायलाही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने शेळीचं तिकीट फाडलं, पिंजऱ्याचंही फाडलं.

"मला तेवढं फाडायचं सोडलं," नवरा म्हणाला.

गावात कॉम्प्युटरचं दुकान एकच. तिथे बसणाऱ्याला सगळे सर्व्हर म्हणत, कारण कोणीही कसलंही काम घेऊन गेलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "सर्व्हर डाऊन आहे." आज मात्र सर्व्हर चालू होता. त्याने निविदा शोधली आणि पडद्यावर वर वर सरकवत राहिला. पानं संपेनात.

"भरता येईल," तो म्हणाला. "पण डिजिटल सही लागेल. कोणाच्या नावाने भरायची?"

"माझ्या," नवरा म्हणाला.

"तुम्ही याआधी सरकारला माल दिलाय?"

"जन्मल्यापासून देतोय."

"तुमच्या नावाने?"

नाव म्हाताऱ्याचं होतं. सगळे जुने दाखले म्हाताऱ्याच्या नावाचे, आणि निविदेत स्पष्ट लिहिलं होतं की अनुभव नसलेल्याने अर्ज करू नये. बांबूत हाताची सालटी काढून घेतलेला हा माणूस कागदावर नवशिका निघाला.

"मग बाबांचीच सही काढा," सूनबाई म्हणाली.

"काढू की. सोपं आहे. कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि स्वतःचं नाव स्पष्ट सांगायचं. बस्स."

नवऱ्याने सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला हातगाडीवर गादी टाकून नेलं. सासू बरोबर निघाली. तिने त्याची दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता, वाकड्या तोंडातून गळणारी लाळ पुसायला खांद्यावर फडकं घेतलं होतं. रस्त्यात माणसं थांबून विचारत होती, दवाखान्यात का? "सहीला," ती सांगत होती, आणि माणसं काही न समजता मान हलवत होती.

पडद्यावर एका मुलीचा आवाज आला. लांबच्या कुठल्याशा ऑफिसातून ती बोलत होती. "नमस्कार. कृपया डोळ्यांची उघडझाप करा."

म्हाताऱ्याचा एकच डोळा मिटला.

"दोन्ही डोळे, सर."

"तो दुसरा मिटत नाही गं," सासू कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाली. "झोपेतसुद्धा उघडा असतो. मीच मिटवते हाताने."

"मॅडम, चौकटीत फक्त अर्जदार हवेत."

"मी बायको आहे त्यांची."

"फक्त अर्जदार, मॅडम."

सासूला बाहेरच्या बाकावर बसवलं. डोळ्याचं कसंबसं निभावलं. मग मुलगी म्हणाली, "सर, आता आपलं पूर्ण नाव सांगा."

"ओढ," म्हातारा म्हणाला.

"पूर्ण नाव, सर."

"ओढ. ओढ."

"नाव जुळत नाही." पडदा काळा झाला.

सर्व्हरने पुन्हा जोडलं. पुन्हा तेच. त्या दिवशी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. हातगाडी ढकलून नवऱ्याचे खांदे भरून आले, म्हाताऱ्याची पाठ सोलवटली. तिसऱ्या खेपेला उकाड्यात पंखाही बंद होता, आणि मुलीने "सर, जरा स्पष्ट" म्हणताच म्हाताऱ्याच्या तोंडातून एक शिवी सुटली. अख्खी, खणखणीत, एकही अक्षर न गाळता. थंडीपासून घरात कोणी त्याचा एवढा स्पष्ट आवाज ऐकला नव्हता.

"बोलले!" बाहेरून सासू ओरडली. "बोलले की!"

पडद्यावर अक्षरं आली. अयोग्य भाषेमुळे अर्ज नामंजूर.

नवऱ्याने टेबलावर मूठ आपटली. "बाबांना बोलता येत नाही हे यांना कळत नाही, आणि शिवी बरोबर कळली!"

घरी आल्यावर त्याने कोयता कोपऱ्यात फेकला. "बंद. वाळू दे बांबू. चुलीत घालू."

सूनबाई कामट्या भिजवायच्या हौदाजवळ गेली. शेजारच्या ढिगातले वरचे बांबू पिवळे पडायला लागले होते. तिने भिजल्या कामट्या उचलल्या आणि खाटेसमोर एक अर्धा झालेला पिंजरा आणून ठेवला. राग तिलाही आला होता, पण तिचा राग हातात उतरायचा. म्हाताऱ्याला तक्क्याला टेकवून बसवला, डाव्या हातात कामटीचं टोक दिलं. तो सारू लागला. ती ताणू लागली.

"ओढ," म्हातारा म्हणाला. आता ते बरोबर होतं.

पिंजरा पुरा झाला. नेहमीसारखा तो दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि सूनबाईला एकदम ते पटांगण आठवलं. तिने कमरेवर हात ठेवले आणि कारकुनासारखा नाकातून आवाज काढला, "कोणाचा पिंजरा हा?"

म्हाताऱ्याचा डावा हात छातीवर गेला. आणि नाव आलं. त्याचं, त्याच्या बापाचं, घराण्याचं. तोंड वाकडं होतं, पण नाव सरळ आलं.

आतून सासू पिठाचे हात घेऊनच धावत आली. सूनबाईने पुन्हा विचारलं. पुन्हा नाव. "तुमचं नाव काय, बाबा?" विचारलं की मात्र ओढ.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर म्हाताऱ्याच्या मांडीवर पिंजराही होता. सर्व्हरने सहीचा अर्ज नव्याने भरला. त्या मुलीचा आवाज आता ओळखीचा झाला होता. सूनबाईने कॅमेऱ्याच्या बाजूने, चौकटीत न येता, तिला सगळं समजावून सांगितलं.

"मॅडम, मला ठरलेलेच प्रश्न विचारता येतात," मुलगी म्हणाली.

"एकदाच विचार, पोरी. आमचं वर्ष आहे यात."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. सर्व्हर केबल चाचपायला लागला. मग मुलगी खाकरली, आणि अगदी हळू, कोणी ऐकत नाही ना अशा आवाजात म्हणाली, "सर... कोणाचा पिंजरा हा?"

नाव दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत गेलं.

त्या दिवशी सूनबाईला वाटलं, जिंकलो. तिने येताना सगळ्यांसाठी काहीतरी गोड घेतलं. सही आली, लहानशी, किल्लीएवढी. ती कॉम्प्युटरला टोचून सर्व्हर अर्ज भरत गेला आणि सूनबाई शेजारी बसून दाखले पुढे करत गेली. तिने धीर सोडला नाही. पान अडकलं तरी नाही, वीज गेली तरी नाही, सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागलं तरी नाही.

"आता नमुन्याचा फोटो," सर्व्हर म्हणाला.

तो तिने आदल्या दिवशीच मोबाइलवर काढून ठेवला होता, आणि मनापासून काढला होता. पिंजरा सारवलेल्या अंगणात उभा केला होता, आत हिरवी फांदी रोवली होती, आणि पिंजऱ्यावर पुढचे पाय टेकून, मान वाकडी करून, जीभ लांबवून शेळी उभी होती. जीभ आणि पान यांच्यात वीतभर अंतर. त्या वीतभर अंतरासाठीच तर सगळा जन्म गेला होता म्हाताऱ्याचा. नुसत्या पिंजऱ्याचा फोटो कोणीही काढील, तिला वाटलं. ज्यांनी कधी पटांगण पाहिलं नाही त्यांनाही एका नजरेत कळलं पाहिजे.

"झकास आलाय," सर्व्हर म्हणाला आणि त्याने फोटो चढवला.

मग घराने मान खाली घातली ती वर केली नाही. बांबू वाळायच्या आत सगळे पिंजरे विणायचे होते. सासू कामट्या भिजवायची, नवरा चिरायचा, सूनबाई म्हाताऱ्यासमोर बसून विणायची. दिवसभर अंगणात ओढ, ओढ चालायचं. बोटांना चिरा पडल्या. पाठीत उसण भरली. पिंजरे ओसरीत मावेनात, मग अंगणात, मग कुंपणाबाहेर रांगेने उभे राहिले. नवरासुद्धा आता वाकडं बोलत नव्हता.

निकाल मात्र येईना. सूनबाई सर्व्हरकडे खेपा घालायची. एकदा साइट उघडत नव्हती, एकदा पावती सापडत नव्हती. शेवटी एकदाचं पान उघडलं. सर्व्हरने वाचलं आणि तो खुर्चीत मागे सरकला.

"काय झालं?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिने स्वतः वाचलं. नमुन्याच्या छायाचित्रात जनावर आढळल्यामुळे अर्ज तांत्रिक छाननीत अपात्र. दर उघडण्यात आलेले नाहीत.

तिने पुन्हा वाचलं. "जनावर आढळलं म्हणजे? आढळलं कसं? मी उभं केलंय तिथे."

"नियमात असणार कुठेतरी. फोटोत नुसती वस्तू हवी."

"मग नुसत्या वस्तूचा देते की. आत्ता काढून आणते. दहा काढते."

"आक्षेप घ्यायची मुदत संपली. मेसेज आला असेल ना तुम्हाला?"

"कुठे?"

"अर्जदाराच्या मोबाइलवर."

अर्जदाराचा मोबाइल. थंडीपासून तो कोनाड्यात बंद पडून होता. ज्याला एक शब्द येतो त्याला कोण फोन करणार, म्हणून कोणी चार्जसुद्धा केला नव्हता. सूनबाईने आपलाच नंबर का दिला नाही? कारण सर्व्हरने विचारलं होतं, अर्जदाराचा नंबर, आणि तिने अर्जदाराचा दिला होता. सगळं विचारलं तसं, सांगितलं तसं केलं होतं. तिला त्या पडद्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, पण हातात फक्त ती किल्लीएवढी सही होती. ती तिने कनवटीला लावली आणि घरी गेली.

नवरा ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. तो पिंजऱ्यांच्या रांगेकडे बघत राहिला, मग शेळीकडे. "हिच्यामुळे?" एवढंच म्हणाला.

म्हाताऱ्याला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात ट्रक आला. त्यातून हिरव्या जाळीच्या गुंडाळ्या उतरल्या, करंगळीएवढ्या काड्या उतरल्या. रस्त्याच्या कडेला खड्डे झाले, रोपं लागली, प्रत्येकाभोवती चार काड्या आणि जाळी. एक रोप तर त्यांच्या अंगणाच्या अगदी समोर आलं. म्हातारा खाटेवरून ते सगळं बघत होता. आपले पिंजरे कुंपणाशी आणि जाळी झाडाला, हे त्याला कळत होतं की नाही कोण जाणे.

पहिल्याच सकाळी शेळी रस्ता ओलांडून गेली आणि तिने जाळीत तोंड खुपसलं. काडी वाकली, जाळी फाटली.

"ओढ!" म्हातारा किंचाळला. तक्क्यावरून अर्धा सरकला, डोळ्यांतून पाणी आलं. "ओढ! ओढ!"

सूनबाई धावली. दोरी धरून तिने शेळी मागे खेचली तेव्हा रोपाचा शेंडा शेळीच्या तोंडात होता. म्हातारा पिंजऱ्यांकडे हात करत होता. सूनबाईने एक पिंजरा उचलला, फाटक्या जाळीवरूनच रोपाभोवती रोवला आणि माती दाबली.

"फुकट?" नवरा म्हणाला. "त्यांना फुकट?"

"त्यांना नाही," ती म्हणाली. पाणीसुद्धा घालत गेली. काही दिवसांनी खुडल्या जागेवर दोन पानं फुटली, तांबूस, कोवळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या जाळ्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या.

मग एका दुपारी कारकून मोबाइल घेऊन आला. प्रत्येक रोपाचा फोटो साइटवर चढवायचा होता. अंगणासमोर येऊन तो थांबला. पिंजऱ्याभोवती फिरला, वाकून ती दोन पानं बघितली. हसला.

"तुमचाच ना? जगलंय बघा." मग तो जरा घुटमळला. "एवढा पिंजरा काढावा लागेल, बाई. फोटोत मंजूर वस्तूच दिसली पाहिजे. दुसरं काही आढळलं तर सगळी रांग नामंजूर करतात."

सूनबाई दारात उभी होती. शेळी नुकतीच चारून आणली होती, दोरी हातातच होती. कारकुनानेच मग पिंजरा हलवून हलवून उपटला आणि बाजूला निजवला. फाटकी जाळी हाताने सारखी केली, फाटलेली बाजू मागे वळवली आणि फोटो काढला.

"झालं. आता ठेवा परत हवा तर." तो पुढच्या काडीकडे गेला.

रोप उघडं उभं होतं. वाऱ्याने त्याची दोन पानं हलत होती. शेळीने मान वर केली आणि दोरी ताणली.

सूनबाईने पिंजऱ्याकडे बघितलं. नुसता उचलून ठेवायचा होता. थंडीपासून ती उचलत आली होती. म्हाताऱ्याला गाडीवर उचलून, फरशीवरची घाण उचलून, बांबू उचलून. तिच्या दंडांत आता एवढंही उरलं नव्हतं.

तिने मूठ उघडली. दोरी तळव्यावरून सरसर निघून गेली.

"ओढ!" मागून म्हातारा ओरडला. "ओढ! ओढ!"

ती हात तसाच उघडा धरून उभी राहिली.